बोअरला बांधलेली वायर

आमच्या सासरी विजेशी संबंध असलेल्या सगळ्याला मिळून एकच शब्द होता, ‘लाइट’. दिवा म्हणजे लाइट, भिंतीतली वायर म्हणजे लाइट, खांबावरची तारही लाइट, आणि हाताला झटका बसला तर ‘लाइट लागली’. मी लग्न होऊन मखमलाबादच्या मळ्यात आले तेव्हा मलाही त्यात काही खटकलं नाही. दहावीला विजेचा धडा होता, तो मी पाठ करून पेपरात ओतला आणि विसरून गेले. पुढे हे शब्द मला नव्याने शिकावे लागले, आणि त्यातल्या एकेका शब्दासाठी मी मार खाल्ला आहे. हे रडगाणं म्हणून सांगत नाही. मीही काही गरीब गाय नव्हते.

घरात माणसं मोजकी. सासूबाई, त्यांना आम्ही आत्या म्हणायचो. थोरले दीर आणि जाऊबाई. माझा नवरा, मी, आणि पुढे आमची मुलगी. मळ्यात गुलाब आणि झेंडू, बांधाला मेथी-कोथिंबीर, माल रोज पंचवटीच्या बाजारात. दोघा भावांच्या चुली वेगळ्या झाल्या तेव्हा घराच्या मधोमध भिंत आली, पण मीटर एकच राहिलं, तेही थोरल्यांच्या नावावर. बोअरही एकच. बोअरचं पाणी लोखंडी पाइपातून गच्चीवरच्या टाकीत जायचं आणि तिथून लोखंडी पाइपातूनच दोन्ही घरांच्या नळांना यायचं.

थोरल्यांचा हात सैल होता. बैल अडला की बैलाला, मोटर अडली की स्टार्टरच्या पेटीला, जाऊबाईंनी उलट उत्तर दिलं की जाऊबाईंना. एकदा फवारणीचा पंप सुरू होईना म्हणून त्यांनी तो दगडावर आपटून चेपवला, आणि मग पंप खराब दिला म्हणून दुकानदाराची गचांडी धरायला गेले. घराची वायरिंग त्यांनी स्वतः केलेली. वस्तीतल्या आणखी चार घरांचीही केली होती. फ्यूज उडतो म्हणून त्यांनी आमच्या फ्यूजमध्ये बारीक तारेऐवजी चार पदरी जाड तार घातली होती. “आता उडून दाखव म्हणावं,” असं ते फ्यूजला उद्देशून म्हणाले होते, आणि आम्ही सगळे हसलो होतो. मीसुद्धा.

नव्वदीचं दशक संपत आलं तेव्हा एका वैशाखात मोठं वादळ झालं. शेवग्याची झाडं मोडली, तारा तुटल्या. खांबावरून आमच्या घराला दोन तारा येत, त्यातली एक खांबापाशीच जळून तुटली. लाइनमनकडे अख्ख्या भागाचं काम पडलेलं, आठवडा लागेल म्हणाला. थोरल्यांनी दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी त्यांनी मीटरच्या बोर्डापासून एक काळी वायर काढली, अंगणातून नेली आणि बोअरचा जो लोखंडी पाइप जमिनीतून वर येतो त्याच्या बोल्टाला गुंडाळली. घरातले दिवे लागले. आत्यांनी साखर वाटली. आठवड्याने लाइनमन आला तेव्हा थोरले दारातूनच म्हणाले, “आमची लाइट चालू हाय. तू जा बाबा, दुसऱ्यांचं बघ.”

ती काळी वायर तिथे चार वर्षं राहिली.

पावसाळ्यात सगळं ठीक चालायचं. उन्हाळा आला की दिवे पिवळे पडायचे, पंखा रेंगाळायचा, टीव्हीतलं चित्र आक्रसायचं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की बोअरच्या बुडाशी पाणी ओतलं की दिवे उजळतात. झालं, घराला रीतच पडली. टीव्ही बारीक झाला की थोरले आतून ओरडायचे, “बोअरला पाणी दाखवा,” आणि जी बाई जवळ असेल तिने उठून बादली ओतून यायचं. बहुतेक वेळा आत्याच जायच्या. मीही कितीतरी वेळा गेले आहे, अनवाणी, ओल्या पायांनी. आज ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

त्याच दिवसांत आत्यांना बोअरला हात लावला की मुंग्या येऊ लागल्या. त्या बोअरची पूजा करत असत. बोअरला पाणी लागलं होतं ते आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, म्हणून दर आखाजीला पाइपाला हळदकुंकू, फुलांची माळ, तांब्याभर पाणी. एका वर्षी कुंकू लावताना त्यांचा हात कोपरापर्यंत झणझणला. त्या घाबरल्या नाहीत, हरखल्या. “जागृत हाय,” म्हणाल्या. मग वस्तीतल्या बायका येऊ लागल्या. एक बोट पाइपाला टेकवायचं, अंगात झिणझिणी गेली की हात जोडायचे. थोरले खाटेवर बसून ते बघायचे आणि मिशीवर हात फिरवायचे. आपण काय जोडलंय हे त्यांना ठाऊक नव्हतं असं मला वाटत नाही. पण आई देवी म्हणते आहे तर म्हणू दे, असा त्यांचा हिशोब.

माझी मुलगी सहा वर्षांची होती. एप्रिलमधली दुपार, ती अंगणात खेळून घामाघूम होऊन आली आणि मोरीत तोंड धुवायला गेली. मी पीठ मळत होते. आधी आवाज आला, भांडी पडल्यासारखा. मोरीत गेले तर पोर भिंतीशी पडलेली, डोळे पांढरे, दात खालच्या ओठातून आरपार गेलेले आणि फ्रॉक रक्ताने भिजलेला. नळ अजून वाहत होता. मी तिला उचलायला वाकले, माझा दंड नळाला लागला आणि हातोडा मारावा तसा खांद्यात दणका बसला. मी तिला पायांना धरून ओढलं. त्या ओठाला पाच टाके पडले. डॉक्टरांनी विचारलं, शॉक लागला का? नवरा म्हणाला, “पाय घसरला.” त्याला खरंच तसं वाटत होतं की भावाचं नाव घ्यायचं नव्हतं, हे मी त्याला पुढे कधी विचारलं नाही.

मला आता कळलंच पाहिजे होतं. आमच्या मळ्याला लागून बंगल्यांची कॉलनी उभी राहत होती. तिथे हरसूलकडचा एक वायरमन काम करायचा, चाळिशीचा, गप्प माणूस, दुपारी आमच्याकडे पाणी मागायला येणारा. मी त्याला मुलीचा ओठ दाखवला आणि बोअरची वायर दाखवली. त्याने वायर पाहिली, वर खांबाकडे पाहिलं आणि खाली बसला.

“ताई, पाटाचं पाणी वावरात येतं ना, तशी फेज,” तो म्हणाला. “वावरातून पाणी पुढं निघून जातं ती चारी, ती तुमची न्यूट्रल. यायला वाट आन जायला वाट, दोन्ही पाहिजे. तुमची जायची वाट खांबावर जळाली.”

“आणि अर्थिंग?” धड्यातला तेवढाच शब्द मला आठवला.

“गंगापूर धरणाला सांडवा हाय का नाय? रोज त्यातून पाणी जात नाय. आत जास्त झालं तरच जातं, म्हणून धरण वाचतं. ते अर्थिंग.” मग त्याने बोअरकडे बोट केलं. “दादांनी रोजचं पाणी जमिनीत सोडलंय. वरनं त्याच पाइपाला तुमचे नळ. जमीन ओली तवर ती पिऊन घेती. सुकली का पाइपातच तुंबतं. जेवढा लोड जास्ती, तेवढं तुंबणार. मंग हात लावील त्याच्यातून जाणार.”

फ्यूजही त्याने समजावला. फ्यूज म्हणजे मुद्दाम कमजोर ठेवलेली जागा, म्हणाला, घर जळण्याआधी ती जळावी म्हणून. त्याने मला एक टेस्टर दिला. दोन वायरी कशा जोडायच्या तेही दाखवलं: टोकं चाकूने खरवडून चकचकीत करायची, पक्कडने आठ पीळ आवळून द्यायचे, वर टेप. “ढिला जॉइंट लय वाईट,” म्हणाला. मला ते सगळं इतकं सोपं वाटलं की राग आला. चार वर्षं आम्ही ज्याला देवी म्हणत होतो ते एवढंसं होतं.

संध्याकाळी मी नवऱ्याला मोरीत नेलं आणि नळाला टेस्टर लावला. टेस्टरमधला दिवा लाल झाला. मी म्हटलं, “बघा, ही न्यूट्रल आपल्या नळात आलीय.” त्याने टेस्टरकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. “हे शब्द कोणी शिकवले तुला?” मी सांगितलं. त्याने माझ्या कानशिलात अशी ठेवून दिली की कानातलं तुटून मोरीत पडलं. त्या वायरमनशी काय बोलतेस, किती वेळ बोलतेस, कुठे बसून बोलतेस, एवढंच तो विचारत राहिला. नळ त्याच्या मागे टपटपत होता.

मी लाइनमनला गाठलं. तो भला माणूस होता, म्हणाला, तार नवी टाकून देतो, पण मीटर ज्याच्या नावावर त्याची सही आण. थोरल्यांसमोर मी कागद धरला. त्यांनी तो वाचला नाही, चुरगाळून माझ्या तोंडावर फेकला. “मला लाइट शिकवती का? वस्तीची लाइट लावली म्या.”

त्यांच्या जागी दुसरा कुणी असता तर कदाचित सही केली असती. पण सही केली असती तर चार वर्षं आपण घरादाराला मरणाच्या दारात उभं केलं हे कबूल करावं लागलं असतं, तेही धाकट्या भावजयीपुढे. त्यापेक्षा मरण परवडलं.

दुसऱ्या दिवशी घरात पुरुष नव्हते. मी मेन स्विच खाली पाडला, विळा घेतला आणि ती काळी वायर बोअरपाशी हातभर कापून टाकली. दोन्ही घरं बंद पडली, माझंही. तेव्हा मला कळलं की माझ्या लेकीच्या डोक्यावरचा पंखाही याच वायरीवर फिरत होता. तरी बरं वाटलं, खूप बरं वाटलं.

थोरले चारच्या सुमारास आले. जाऊबाईंनी आणवलेली नवी घरघंटी अर्ध्या दळणावर थांबली होती. त्यांनी बोअर पाहिला आणि सरळ आमच्या दारात आले. मला केसांना धरून उंबऱ्यावरून ओढलं. कापलेल्या वायरीचा हातभर तुकडा अंगणात पडला होता, तो दुहेरी करून त्यांनी मला पाठीवर, मांड्यांवर, पोटऱ्यांवर मारलं. वायरीचा मार वेगळा असतो. छडीचा वळ फुगतो, वायरीने कातडी फाटते. माझ्या हाताला अंगणातच राहिलेली पक्कड लागली. मी ती त्यांच्या मनगटावर हाणली, हाड वाजलं, ते कळवळले आणि मी दुसऱ्यांदा तोंडावर हाणली. त्यांचा एक दात गेला. आजही मला त्याचं वाईट वाटत नाही. मग त्यांनी मला लाथेने पाडलं.

नवरा फुलांच्या पाट्या घेऊन फाटकात उभा होता. त्याने पाट्या खाली ठेवल्या नाहीत. आत्या मधे आल्या, पण माझ्यासाठी नाही. त्यांनी माझे दोन्ही हात पकडले आणि म्हणाल्या, “देवीची वायर तोडली तू. जोड ती. जोड आन गप बस, नायतर मारून टाकील तो तुला.” माझी पोर दारात उभी राहून ओठावर हात धरून रडत होती.

“तूच तोडली, तूच जोड,” थोरले रक्त थुंकत म्हणाले. ते माझ्या मानेवर पाय ठेवून उभे होते.

मी जोडली. त्यांची गुंडाळी ढिली होती, मागे दर पंधरा दिवसांनी ठिणग्या उडवून सुटायची आणि ते शिव्या देत पुन्हा गुंडाळायचे. मी टोकं खरवडली. तांबं चकचकीत केलं. बोल्टाचा गंज विळ्याने काढला, पक्कडने आठ पीळ दिले, प्रत्येक पीळ आवळला. जॉइंट सुरेख झाला. का केला इतका नीट, ते मला सांगता येत नाही. मला वाटतं मला त्यांना दाखवायचं होतं. तुम्हाला हेसुद्धा येत नाही, मला येतं, हे दाखवायचं होतं.

त्यानंतर मी फक्त माझ्या बाजूचं बघितलं. भावाला सांगून माहेरून प्लास्टिकचा पाइप मागवला, वायरमनने येऊन टाकीपासून माझ्या घरापर्यंतचा लोखंडी पाइप काढून तो टाकला. नवऱ्याने आडकाठी केली नाही. माझी लेक वाचली होती. भिंतीपलीकडच्यांचं ते बघून घेतील.

आत्यांना मी एकदाच सांगितलं. त्या बादली घेऊन बोअरकडे निघाल्या होत्या. मी म्हटलं, “आत्या, हात लावू नका. देवी नाही ती. करंट आहे.” त्यांनी माझ्या पोटऱ्यांवरचे वळ पाहिले आणि म्हणाल्या, “एवढा मार खाऊन तुझी खुमखुमी गेली नाय.” माझ्या हातांवर त्यांची बोटं अजून मला जाणवत होती. मी म्हटलं, “मरा मग.”

आखाजी पुढच्याच महिन्यात आली. त्या वर्षी ऊन भयंकर होतं, बोअरचं पाणी पार खाली गेलेलं, अंगणातली जमीन भेगाळलेली. सकाळी नऊची वेळ. जाऊबाईंकडे पुरणपोळीची घाई, घरघंटी चालू, आणि बादलीत पाणी तापवायची लोखंडी कॉइल टाकलेली. माझ्या स्वयंपाकघरातला दिवा मेणबत्तीएवढा झाला. मी दिव्याकडे पाहिलं. लोड, माझ्या मनात शब्द आला. भिंतीपलीकडून थोरल्यांचा आवाज आला, “आई, बोअरला पाणी दाखव.”

मी उठले. हे मला सांगायचंच आहे, मी उठले होते. पण पोळी तव्यावर होती, ती उलटली आणि मग निघाले. मी अंगणात पोचले तेव्हा आत्या बोअरपाशी ओल्या नऊवारीत उकिडव्या बसल्या होत्या. डावा हात पाइपाला घट्ट आवळलेला, उजव्या हातातला तांब्या कलंडलेला. झेंडूची माळ जॉइंटवरून घातलेली. त्यांचं तोंड उघडं होतं पण आवाज येत नव्हता, आणि सगळं अंग बारीक थरथरत होतं. बाजूला उभ्या असलेल्या दोन बायकांनी हात जोडले होते. त्यांना वाटलं, अंगात आलं.

मी मेन पाडायला पळाले. मेन थोरल्यांच्या बाजूला होता. ते दारात आडवे आले, “काय झालं?” मी त्यांच्या छातीवर दोन्ही हातांनी ढकललं, ते पडले, मी त्यांच्यावरून गेले आणि स्विच पाडला. बाहेर आले तेव्हा आत्या कुशीवर पडल्या होत्या. तळहात काळा पडला होता. मी त्यांच्या छातीवर दाबत राहिले, कुणीतरी मला ओढून काढलं तेव्हा थांबले.

बायका म्हणाल्या, आखाजीला देवीने नेलं, पुण्यवान बाई. थोरल्यांनी ते ऐकलं आणि मान हलवली. कागदावर हृदयविकार लागला. मी नवऱ्याला म्हटलं, आता तरी बोला. तो भिंतीकडे तोंड करून बसला होता.

तेराव्यानंतर थोरल्यांनी स्वतःच लाइनमनला सही दिली. नवी तार आली. बोअरची वायर काढायला त्यांनी कॉलनीतल्या वायरमनला बोलावलं, स्वतः काढायला त्यांचा हात धजला नाही. वायरमन बोअरपाशी बसला. वाळलेली माळ बाजूला केली. पक्कडने जॉइंट सोडवायला गेला, तो सुटेना. त्याने दोनदा जोर लावला, मग कटर काढून बोल्टाशीच तोडला आणि तुकडा हातात धरून उन्हात पाहिला. थोरले खाटेवर मान खाली घालून बसले होते. त्याला वाटलं, तो त्यांच्याशीच बोलतो आहे.

“दादा, जॉइंट पक्का मारलाय,” तो म्हणाला. “तुमची आधीची गुंडाळी असती ना, तर घरघंटी आन कॉइलच्या लोडला जळून सुटली असती. आजीला एक झटका बसून गेला असता.”

थोरल्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. ते काही बोलणार नव्हते, हे मला कळलं. त्यांनी गप्प राहून माझ्यावर उपकार केला असता आणि तो मी जन्मभर बाळगला असता.

“मी मारला,” मी वायरमनला म्हटलं. “तुम्ही शिकवला तसा.”

त्याने तो तुकडा खाली ठेवला, पुन्हा उचलला, पेटीत टाकला. मग उरलेली वायर अंगणातून गुंडाळत तो मीटरपर्यंत गेला.